वाटाण्याएवढी

घणसोलीच्या खोलीत
कॅबिनेटची एक बाजू कायम उघडी,
आत तोंड करून टेबलफॅन.
आम्ही घामाघूम, तो गार.

दुकानदार म्हणाला, कार्ड बदला. अठरा हजार.
मग पॉवर सप्लाय. मग ओघानं बोर्डही.
म्हणजे जुनं काय, नुसतं स्टिकर?

भाडं, हर्षदाची फी, भिशी.
उरले दोन हजार चारशे
आणि वहीत एक वाकडी रेघ.

रात्री स्क्रू काढले.
पंख्याच्या धुळीत एक लांब केस,
यतीनचा. तो पुण्याला जाऊन
तीन वर्षं झाली.

दोनशेची पेस्ट लावली, वाटाण्याएवढी.
बटण दाबलं.
खोकला, मग लागला चालायला.

गेममध्ये सावल्या बंद केल्या,
पाणी साधं केलं, गवत काढलं.
डोंगर मात्र ठेवला,
लांबचा, अख्खा.