मधली खोली

रात्री दोन वाजता बाबांनी मोरीचा दिवा लावला
आणि तो लावलेलाच राहिला.
त्र्याहत्तर वर्षांचा माणूस ओकतो तेव्हा
मध्येच माफी मागतो. नळाची, बादलीची, कुणाचीही.

भिंतीपलीकडून आई: "काय खाल्लंय विचार."

तिनंच विचारलं असतं,
पण अबोल्याचा आज अकरावा दिवस.
ती खजुरी बाजारात पडली, पाय प्लास्टरमध्ये गेला,
आणि हे दवाखान्यात, चार माणसांत म्हणाले,
"कुणी सांगितलं होतं जायला?"

"काय खाल्लंत?"
"काही नाही."
"काही नाही म्हणतात," मी भिंतीला सांगतो.
"सराफ्यात गेले होते का?"
बराच वेळ नुसता नळ.
"गराडू. थोडे."
"आणि?"
"भुट्ट्याचा कीस."
"आणि?"
"एक दहीवडा. एकच. वर जरा शिकंजी."
"लिंबू पिळलेल्या गराडूवर दुधाची शिकंजी!"
भिंत एवढंच म्हणाली. मग कामाला लागली.

ओवा तिसऱ्या फळीवर, बोर्नव्हिटाच्या डब्यात.
मी चव्वेचाळीस वर्षांचा, वीज मंडळात,
अख्ख्या रामबागेचे फ्यूज मला पाठ,
आणि ओवा कुठला, जिरं कुठलं, कळेना.
"तळहातावर चोळ. नाकात झोंबला तर ओवा."
झोंबला.

आल्याचा रस, लिंबू, सैंधव.
तो टिकला तीन मिनिटं.
"बाहेर आला," मी म्हणालो.
"येणारच. आधी रिकामं होऊ दे.
कपाळाला घाम आहे का?"
"आहे."
"गार की गरम?"
"गार."
पलीकडे वॉकर फरशीवर सरकल्याचा आवाज झाला,
थांबला.
"हिंग कालव. कोमट पाण्यात. बेंबीभोवती लाव."

बाबांच्या पोटाला मी कधी हात लावला नव्हता.
अपेंडिक्सचा जुना व्रण, पांढरे केस,
बेंबी माझ्यासारखीच, आत गेलेली.
ते छताकडे बघत राहिले,
जसा न्हाव्यासमोर माणूस बघतो.

"जायफळ दोन वळसे. दोनच.
तिसरा घेतलास तर उद्या दुपारी उठतील."
सहाणेवर अजून बाळगुटीचा वास होता,
किंवा मला तसं वाटलं. घरात बाळ
मीच शेवटचा.

मग लाह्या. लक्ष्मीपूजनातल्या उरलेल्या,
पितळी डब्यात, जरा मऊ पडलेल्या.
पाण्यात भिजव, कुस्कर, गाळ,
चिमूट मीठ, चमचाभर साखर.
"चमच्या-चमच्यानं दे. मध्ये पन्नास मोज.
घाई केली तर परत येईल.
घाई त्यांना लागतेच. तू मोज."
मी मोजलं.
एकोणचाळीसला त्यांनी हात पुढे केला.
मी पन्नासपर्यंत गेलो.

"जीभ कोरडी आहे का? लघवी झाली?"
सगळं विचारत होती, नाव सोडून.
"सकाळपर्यंत थांबलं नाही तर पागनीस डॉक्टर.
नको म्हणाले तरी न्यायचं.
सांगून ठेव."
सांगायची गरज नव्हती.
आमची भिंत साडेचार इंची.

चारला पाणी टिकलं.
बाबा उशीला टेकले आणि म्हणाले,
"मीठ जास्त झालंय, सांग तिला."
मी तोंड उघडायच्या आत:
"मीठ त्यानं घातलंय. मी इथं आहे."

कुकरच्या शिट्टीनंतर असते तसली शांतता.

"पाय?"
हे मला नव्हतं.
"रात्री ठणकतो," ती म्हणाली.
हेही मला नव्हतं.
मी मधल्या खोलीत चमचा धरून उभा,
पोहोचवायला काही उरलं नव्हतं,
तरी तसाच उभा.

पाचला खाली पोहेवाल्यानं शटर उचललं.
वाफ वर आली: कांदा, बडीशेप, जीरावण.
बाबांनी डोळे मिटले, श्वास धरला
आणि कूस बदलली
भिंतीकडे.