कलम पहिलं

बडोद्याच्या कोठीत, दफ्तरखान्यात, एकतीस वर्षं
मी जुन्या तहांना खळ लावली.
मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद,
वरून पापुद्र्यासारखा कागद.
फाटलेलं राज्य सांधता येत नाही,
कागद येतो.

प्रत्येक तहाचं पहिलं कलम मैत्रीचं.
चंद्रसूर्य आहेत तोवर.
एकाचा दोस्त तो दोघांचा दोस्त,
एकाचा दुश्मन तो दोघांचा.
दुसऱ्यात फौज येते, रखवालीला.
तिसऱ्यात तिचा खर्च.
चौथ्यापर्यंत पोचेतो
माझी जेवणाची सुट्टी व्हायची.

उल्का विंडसरला असते.
खिडकीतून नदी दिसते, नदीपलीकडे अमेरिका,
तीही उत्तरेला.
नकाशा मी दोनदा उलटा धरून पाहिला.
पहाटे पूल ओलांडून ती डेट्रॉईटच्या इस्पितळात
परक्यांना सलाईन लावते, रात्री घरी येते.
पगार त्यांच्या डॉलरात, बाबा, झोप आपल्या देशात.
आपल्या, म्हणाली.
मी ते ऐकलं आणि
सुमतीला सांगितलं नाही.

हल्ली नाक्यावरचा शिपाई म्हणतो,
रोज कशाला पासपोर्ट काढता, ताई,
एकच करून टाकू की सगळं.
(ताई माझं. त्याने काय म्हटलं असेल ते असो.)
थट्टाच करतो, ती म्हणाली.
थट्टा पहिल्या कलमाच्याही आधी येते.
तिची नोंद कुठल्या दफ्तरात नसते.

आजोबांच्या डबीत एक बाबाशाही रुपया होता.
चालतो का, मी विचारलं होतं.
वाजतो, म्हणाले.

मी भाजी गुजरातीत घेतो,
हिशेब मराठीत करतो, सही इंग्रजीत.
कुणी बळजबरी केलेली नाही.
पुण्याची मेहुणी आली, तिला म्हटलं
ती टेबलावरची चोपडी दे,
तर ती वही शोधत बसली, पुस्तक समोर असून.
शब्द केव्हाच नाका ओलांडून गेला होता,
मला न विचारता.
खरं सांगू? त्रास झाला नाही.
नाही झाला, याचाच थोडा झाला.

सुमतीला तिकडची एकच गोष्ट पटली:
दूध पिशवीत मिळतं.
नदीपलीकडे कान धरून उचलायचे बुधले,
इकडे पिशवी, अगदी दांडिया बाजारातल्यासारखी.
मागल्या वर्षी गेलो होतो, तर दुकानात
थंड कपाटापुढे ती हलेचना,
जशी माहेरची कुणी भेटली.
मग हा देश वेगळाच आहे, तिने निकाल दिला,
आणि तीन पिशव्या टोपलीत टाकल्या.

काल रात्री उल्काचा फोन.
इस्पितळवाले म्हणतायत, इकडेच या राहायला.
पगार दीडपट. पुलाचा टोल वाचेल.
कागद आम्ही करू.
कागद ते करणार?
हो.
पहिल्या कलमात काय आहे?
ती हसली नाही. म्हणाली, बाबा,
तुम्ही अख्खं दफ्तर चिकटवलंत,
एक तरी तह फाडावासा वाटला का?

उत्तर होतं माझ्याकडे. लाईनही स्वच्छ होती.
मी विचारलं, थंडी किती आहे तिकडे.
शून्याखाली अकरा, ती म्हणाली.
दोन्हीकडे.

सकाळी दूध आलं.
सुमतीने पिशवीचा कोपरा कापला,
नेहमीसारखा, पुरता सुटू न देता,
नखाएवढा तुकडा लोंबता ठेवून.
सुटला की हरवतो, ती म्हणते,
मग गाईच्या पोटात सापडतो.
दूध तापत ठेवलं.
पिशवी धुऊन नळाला अडकवली.
तुकडा बराच वेळ हलत होता.