लाल शाईतली नावं

माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर
लाल शाईत पाच नावं आहेत.
अण्णा त्यांना म्हणतो, रुसलेले सोयरे.
पत्रिका द्यायची नाही,
दारात आले तरी पाणी विचारायचं नाही.

सल्फा गेलं मी सहा वर्षांची असताना,
ओठ टम्म पुरीसारखे.
पिपरासिलिन गेलं दहावीच्या सराव परीक्षेत :
भूमितीच्या पेपरात हातांवर गांधी उठल्या,
मी प्रमेय सोडून
त्यांचीच क्षेत्रफळं मोजत बसले.
उरलेल्यांविषयी अम्मा बोलते
गेलेल्या माणसांविषयी बोलावं तसं –
"चांगलं होतं गं ते. लागू पडायचं."

अम्माने पहिल्यांदा पापा घेतला तेव्हाच
मी खारट लागले होते म्हणे.
पण एप्रिलातलं सोलापूर,
बेचाळीस डिग्री, पत्र्याची खोली,
टॉवेलच्या मागावरून घामेजून आलेली ती.
कोण खारट नव्हतं?
म्हणून पाच वर्षं कुणालाच कळलं नाही.

छातीत कफ, सुताला लावायच्या खळीसारखा.
सकाळ-संध्याकाळ अम्मा पाठ थोपटते,
डावी, उजवी, बरगडीखाली,
शेजारच्या यंत्रमागाशी ताल जुळला
की दोघीही हसतो,
आणि हसलं की खोकला.

या वेळी डॉक्टर करजगी म्हणाले,
रिपोर्टवर एकच औषध चालतंय,
आणि ते तुझ्या यादीत पाचवं.
परत आणू या त्याला. हळूच.

रात्री नऊला पहिली बाटली :
दहा हजारातला एक भाग.
एवढ्याशाला औषध म्हणायचं
की अफवा?
मग दर अर्ध्या तासाने थोडं जास्त.
आधी दाराशी नुसत्या चपला,
मग बाहेरून एक खाकरणं,
मग 'कोण आहे घरात?'
अंगाला कळू न देता
वैऱ्याला पाटावर बसवायचं होतं.
ट्रेमध्ये रुमालाखाली
अ‍ॅड्रेनलिन भरून तयार.

तीनच्या सुमाराला मनगटावर खाज.
एक गांध, लाल, मधोमध टोक.
मेहजबीन सिस्टरने सलाइनची चकती फिरवून बंद केली,
अम्मा "एमैंदि? एमैंदि?" करत उठली,
घाबरली की ती मराठी विसरते.
टॉर्च आणला. डॉक्टर वाकले.
सगळा वॉर्ड श्वास धरून,
त्यात माझाही, जेवढा होता तेवढा.

डास होता.

पाच मिनिटांनी चकती पुन्हा सुरू.
सिस्टर भिंतीवर
त्याला चपलेने शोधत राहिली.

सकाळी सातला पूर्ण डोस.
सोयरा मांडी घालून बसला होता
आणि माझं अंग गप्प.

"आता चौदा दिवस
एकही डोस चुकवायचा नाही," डॉक्टर म्हणाले.
"मध्ये खंड पडला
तर शरीर ही ओळख विसरतं.
कोर्स संपल्यावरही विसरेल.
पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या थेंबापासून."

म्हणजे मैत्री नाहीच.
भांडण तेवढं कायमचं,
समेट चौदा दिवसांचा.

अम्माने डबा उघडला :
ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी,
चटणीआधी माझ्या तीन कॅप्सूल.

मी फाइल मागितली.
वाटलं, पाचवं नाव खोडलं असेल.
खोडलं नव्हतं.
लाल शाई तशीच.
बाजूला पेन्सिलने, बारीक अक्षरात :
सध्या चालतं.