उजव्या पात्याची आतली कड

फिनलंडचा नकाशा मिटला की
आमचं वुओरिलांपी बरोबर घडीत जातं.
तिथल्या रिंकखाली, जिन्याच्या पोटात एक खोली,
खिडकी नाही. एक दगडी चाक, तेलाची बाटली,
आणि मी, इल्पो, नंबर सतरा.
म्हणजे होतो. सतरा आता
एका एकोणीस वर्षांच्या पोराच्या पाठीवर असतो.

गुडघा गेला त्या वर्षी क्लबने घड्याळ दिलं, केक कापला.
ऑगस्टात रेइयोचा फोन आला,
'धार लावणारा म्हातारा गेला. येतोस?'
रेइयो बारा वर्षं माझ्या डावीकडे खेळला.
आता तो वर सूट घालून उभा असतो,
मी खाली, ठिणग्यांत.
अजूनही आम्ही एकमेकांकडे न बघताच बोलतो.

धार लावायची ती डोळ्यांनी नाही, कानांनी.
पातं चाकावर नीट बसलं की
भरत आलेल्या चरवीत दूध पडावं
तसा आवाज येतो, जाड, गोल.
पात्यांवरून पोरं कळतात मला.
ओन्नी घाबरला की टाचेवर रेलतो.
वाल्तेरी घरी भांडून आला
की पुढची टोकं बोथट.
मी कुणाला काही बोलत नाही. धार लावतो, नाव घालून ठेवतो.

जानेवारीत सलग पाचवा सामना हरलो.
कोस्कीवाराचा गोली हात मिळवताना हसत म्हणाला,
'तुम्ही सगळेच डावीकडे का वळता रे?'

रात्री रेइयो खाली आला, दारात थांबला.
काहीच म्हणाला नाही.
नुसतं माझ्या उजव्या गुडघ्याकडे बघितलं.

तेव्हा मी पट्टी लावली, एकेक जोडी दिव्यासमोर धरली.
बावीस जोड्या. प्रत्येकीत
उजव्या पात्याची आतली कड
केसभर उंच.
मला लागायची तेवढीच.
तीन हंगाम मी अख्ख्या संघाला
माझ्या लंगड्या पायावर पळवत होतो.

पहाटेपर्यंत सगळं सपाट केलं.
पुढचा सामना हरलो,
पण दोन्हीकडे वळून.

मग तो पोरगा आला, सतरा नंबर.
बूट पुढे केले, नजर भिंतीवर.
'माझे आधीसारखेच करा. सवय झालीय.'
'उभा राहा जरा,' मी म्हटलं. 'दोन्ही पायांवर.'
राहिला.
उजवा गुडघा किंचित आत, सुतभर.
'दुखतो?'
'नाही,' म्हणाला.
फार लवकर म्हणाला.
असंच म्हणायचो मी,
डॉक्टरचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

चाक बंद केलं.
त्याला माझ्या स्टुलावर बसवलं.
जिना चढायला मला वेळ लागतो, एकवीस पायऱ्या.
रेइयोला काय सांगायचं
ते एकेका पायरीवर थांबून जुळवत गेलो,
आणि वर पोचलो तेव्हा
बर्फाचं यंत्र फिरत होतं,
तो पाठमोरा उभा होता,
मी त्याच्या उजवीकडे जाऊन थांबलो.