ओ. म्हणजे

रोज रात्री नऊला जयगडहून फोटो येतो:
दोनशे पानी वहीचं एक पान,
कोपऱ्यात निलोफरचा अंगठा.
प्रेशर १४०/८०. साखर उपाशीपोटी १३२.
पेज एक वाटी. सुकट नको म्हणाले, मग खाल्ली.
पाठीला पावडर लावली. कूस बदलली.

मी ठाण्याला बँकेत दुसऱ्यांच्या वह्या तपासते.
आकडा लबाडी करत असला तर मला वासावर कळतं.
अप्पांची वहीसुद्धा मी तशीच वाचते,
ओट्यापाशी उभ्याउभ्या,
एका हाताने पोळी उलटत.
निम्मे पैसे माझे, निम्मे मस्कतहून सुहासचे.
तपासणं माझ्याकडे कधी आलं
ते कोणी ठरवलं नव्हतं.

भाद्रपदात समासात नवीन काही दिसू लागलं.
भ. ४.१०. ओ. १०.२०.
दुसऱ्या दिवशी भ. ५. ओ. ११.१०.
भ. म्हणजे भात, एवढं लागलं.
पण पहाटे चारला भात?
आणि ओ.?
ओकारी.
रोज. रोज थोडी उशिरा.

सुहासला उठवलं.
आमच्या डॉक्टरांना पानं पाठवली,
ते म्हणाले, दुर्बीण घालून बघू या.
रत्नागिरीपर्यंत गाडी ठरवली, आगाऊ पैसे दिले,
ऑफिसात तीन दिवसांचा अर्ज टाकला,
आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात शेवटी
निलोफरला फोन केला.

ती इतकी हसली
की मागून अप्पांनी विचारलं, कोण गो?
"ओकारी नाय ओ ताई, ओहोटी!
पाणी सांगितल्याबिगर गोळी घेत नायत.
माझा भाऊ बोटीवर जातो, त्याला विचारून लिवते."

छत्तीस वर्षं तवसाळच्या लाँचवर
सुकाणू धरलेला माणूस.
त्याच्या खिडकीतून खाडी दिसायची;
पलंग आम्हीच भिंतीकडे हलवला,
हवेच्या गादीचा प्लग त्या बाजूला म्हणून.
मला ठाऊक नव्हतं असं नाही.
ठाऊक होतं.
रकाना नव्हता आखलेला.

गाडीवाल्याने आगाऊ पैसे परत दिले नाहीत.
अर्ज मंजूर झाला होता, म्हणून मी गेले.
निलोफरने संधी साधून दोन दिवस मागितले,
जावेला काविळीतून उठवायचं होतं.
जाताना तिने दाखवलं:
चादर कशी ओढायची, कातडी न सोलता;
चमचा डाव्या गालाकडून;
रागावले तर ऐकून घ्यायचं, मनाला लावायचं नाही.
"आणि वही," ती म्हणाली.

पहाटे अप्पा जागे.
मला बघून म्हणाले, पाव्हणे आलेत, चहा टाक.
मग जरा वेळाने, खालच्या आवाजात,
"पाणी काय?"
मी फोन काढला. रेंज नाही.
"पाणी काय, म्हणतंय मी."

बॅटरी घेऊन धक्क्यावर गेले.
गाऊनवर सुहासची जुनी खाकी पँट,
कुत्री मागे, पायाखाली शेवाळ,
पाण्याला डिझेलचा आणि कालवांचा वास.
लहानपणी इथे उभी राहून मी लाँचची वाट पाहायचे,
पाण्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.
पायऱ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"सात दिसतायत, अप्पा."
ते मनातल्या मनात काहीतरी वजा करत राहिले.
"मग अर्धा तास हाय अजून. घाई नको."
तोंड उघडलं, गोळी घेतली,
भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी वही उघडली. बँकेत लिहिते तशा
सरळ, कोरड्या अक्षरात लिहिलं:
४.३५. पाणी उतरतंय. पायऱ्या ७.
प्रेशर घ्यायचं राहिलं.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात, नऊ वाजता, फोटो.
माझ्या ओळीवर निळ्या पेनाने बारीक रेघ,
बाजूला निलोफरचं अक्षर:
पायऱ्या ८. खालची एक गाळात आहे,
दिसत नाय.
अप्पा ती धरतात.