सातवी जॉइस

मोरकॅमला ओहोटीत समुद्र इतका मागे जातो
की वाटतं, यालाही दुसरीकडे नोकरी लागली.

चौदा नंबरच्या खोलीत एडना क्रॉम्प्टन.
वय एक्क्याण्णव. डावा कान बंद. चहात साखर दीड चमचा,
आणि दीड म्हणजे दीडच.
ती मला जॉइस म्हणते.
बिल्ल्यावर माझं नाव ‘जो’ आहे,
कारण ज्योत्स्ना मॅनेजरबाईंच्या दातांत अडकायची.
त्या मॅनेजरबाईही गेल्या. नंतर दोन झाल्या.

खरी जॉइस एकोणीस वर्षं होती इथं.
कंपनीनं होम विकत घेतलं, पाळ्या बारा तासांच्या झाल्या,
तेव्हा एका मंगळवारी पायातल्या सपाता पिशवीत घालून
ती निघून गेली म्हणे.
मग रुटेंडो, इलिंका, कोट्टयमची शायबी,
एक केली, नऊ दिवस,
एक जिचं नाव कुणालाच आठवत नाही,
तिचा कोट अजून खुंटीला आहे.
मग मी, मिरजेची.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय.
तो फायलीत नाही. तपासणीला आलेल्यांना कुणी दाखवत नाही.
निरनिराळ्या अक्षरांत एकेक ओळ:
पडदा पूर्ण लावू नका, भिंत अंगावर येते तिच्या.
गोळी कस्टर्डमधून. जॅममधून थुंकते.
पाय आधी धुवा, तोंड नंतर.
डेरेक कुठाय विचारलं तर कोळंबीला गेलाय म्हणा.
आणि सगळ्यांत वर, शाई उडालेली, जॉइसची:
दुखतंय असं एडना कधी म्हणणार नाही.
ती रुमालांच्या घड्या घालायला लागते.

फेब्रुवारीत मला वरच्या मजल्यावर टाकलं, माणसं नव्हती.
खाली आठवडाभर एजन्सीच्या बायका, रोज नवा चेहरा.
चांगल्या होत्या हो, वाईट नव्हत्या.
एका रात्रीत बावीस जणांना कूस बदलून द्यायची,
त्यात कपाटाचं दार कोण उघडून बघतं?
नोंदवहीत सोमवार: शांत. घड्या घालण्यात रमल्या.
मंगळवार: आनंदी. घड्या.
बुधवार: फार मदत करतात, जेवणघरातले सगळे रुमाल त्यांनीच आवरले.
गुरुवारी मी मोजा काढला.
टाच.
पुढचं लिहीत नाही. मोजा काढायच्या आधीच
वासानं सांगितलं होतं.

उशाशी पन्नाससाठ रुमाल,
कोपऱ्याला कोपरा, इस्त्री फिरवल्यासारखे.

एप्रिलात तपासणी झाली. कागद पुरे होते. शेरा: चांगले.
कुणीही खोटं बोललं नव्हतं.

आई फोनवर विचारते, त्या म्हातारीला पोरंबाळं नाहीत का गं?
आहे ना. मुलगा येतो प्रेस्टनहून, महिन्यातल्या एका रविवारी,
फुलं घेऊन, आणि दर वेळी मला विचारतो,
तुम्ही नवीन का?

आता ऑगस्ट. माझ्याही खिशात पत्र आहे.
लँकेस्टरचं हॉस्पिटल, तासाला पावणेदोन पौंड जास्त,
व्हिसाचंही तेच बघतील.
जीव लावायचा नसतो, असं मी स्वतःला सांगते,
पाठ दाबत, पहाटे चारला, लॉन्ड्रीच्या यंत्राला टेकून.
जॉइसनंही सांगितलं असेल.
एकोणीस वर्षं.

कागदावर माझी ओळ लिहिली.
खाली जागा नव्हती, समासात उभी लिहिली.
चुकून मराठीत सुरू केली होती, ती खोडली.

शेवटच्या पाळीला चहा दिला. दीड चमचा.
म्हटलं, एडना, उद्यापासून मी नसेन.
उजव्या कानाशी म्हटलं, म्हणजे ऐकलंच तिनं.
‘बरं,’ ती म्हणाली, ‘छत्री ने, जॉइस.’
मग ट्रेकडे हात लांबवून
एक रुमाल ओढला.