डावा गाल

झिपोराबाई किहीमकर चादरीत गुंडाळून घेऊन आल्या.
टॅक्सीवाल्याला सांगितलं म्हणे, पडद्याचा दांडा.
फोर्टातलं माझं दुकान, एक दिवा,
आणि काउंटरवर फॉर्म:
बनावट, नंबर, बोअर, पूर्वीचा मालक.

आधी तेल.
साठ वर्षांचं तिळाचं तेल, लाखेसारखं धरलेलं.
"आम्ही शनवार तेली," बाई हसल्या,
"बाबा दर रविवारी चोळायचे. दुसरं तेल त्यांना ठाऊकच नव्हतं."
चुकीचं तेल. पण माझगावच्या खाऱ्या हवेत
गंजाचा एक ठिपका नाही.

रॉकेलचा बोळा फिरवला, पुढचं लाकूड उतरवलं.
नळीच्या पोटाला, जिथं कुणी बघत नाही,
मुकुट, खाली यू: कुणीतरी तपासली.
मुकुट, खाली बी: जादा दारू भरून उडवली, फुटली नाही.
मुकुट, खाली जी: आत पीळ आहेत.
मग ४ आणि ११. एप्रिल, एकोणीसशे अकरा.
बोअर आठ दशांश एक पाच,
काडतूस आता शोधून मिळायचं नाही.
चाप दोन. मागचा ओढून ठेवायचा,
पुढच्याला मग नुसता श्वास पुरतो.
हिनं ना डुक्कर मारलं ना माणूस.
पावणेदोनशे मीटरवरचे पुठ्ठे मारले,
सुट्टीच्या दिवशी, बहुधा बँड वाजत असताना.

गावाचं नाव मी तीस वर्षं सुहल वाचत आलो.
"झूल," बाई म्हणाल्या. "डॉक्टर झूल म्हणायचे.
बाबांना वाटायचं, पोळ्याच्या बैलाची."

कुठले डॉक्टर?

"खालच्या मजल्यावरचे. लढाईच्या आधी बोटीनं आले.
शेवटी शेवटी बाबांना ही दिली, रीतसर, कागद करून.
नाव…
आम्ही नुसतं डॉक्टरच म्हणायचो.
कागद पुरात गेला."

दस्त्यावर चांदीचा बिल्ला, रुपयाएवढा.
पानांची माळ, साल १९१२,
आणि मधे, नाव असतं तिथं, कानस फिरलेली.
दिवा आडवा धरला. ओरखडे उलटे झुकलेले.
माझ्या हातून असे पडत नाहीत.
गालपट्टीही उजव्या अंगाला:
म्हणजे डावा खांदा, डावा गाल,
माप देऊन करून घेतलेली.
"डॉक्टर डावरे होते?"
बाईंनी नकळत दंड चोळला.
"इंजेक्शन डाव्या हातानं द्यायचे. दुखायचं नाही."

मी पुढचं बोललो नाही.
त्यांनी बिल्ल्यावर बोट ठेवलं
आणि बराच वेळ उचललं नाही.

बनावट. मी 'ज' काढला.
"ते नका लिहू. जर्मन म्हटलेलं डॉक्टरांना चालत नसे."
"बाई, रकाना आहे."
"मग गाव लिहा."
लिहिलं, झूल. उद्या कारकून विचारेल,
हे कुठल्या तालुक्यात.
पूर्वीचा मालक: एलिजा किहीमकर.
त्याच्या वर एक ओळ कोरी सोडली.

दारात त्या थांबल्या.
"गिऱ्हाईक मिळेपर्यंत तेल कुठलं लावू?"
कपाटात मशीनचं तेल होतं, परदेशी, बंद डबा.
तिळाचंच लावा, म्हणालो.